कॅसेटमधल्या बायका

सोलापूरहून निघालेली गाडी सकाळी बेंगळुरूला पोहोचली. पिशवीतली भाकरी-चटणी संपली होती, आत्याची कॅसेट मात्र जपून ठेवली होती. विडी कामगार बायकांच्या सभांत आत्या वर्षानुवर्षं बोलली. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला. तिचं एकच भाषण उरलंय, ते या कॅसेटमध्ये.

जे. पी. नगरला नीरजकडे उतरलो. हा कॉलेजचा मित्र, मूळ पुण्याचा, आता इथे आयटीत. खारा बात (तिखट उपमा) खाऊन कामाला लागलो. त्याने छोट्या नव्या प्लेअरवरून कॅसेट लॅपटॉपवर उतरवली.

"मागचा कलकलाट काढ," मी सांगितलं. युनियनच्या पत्रकात आत्याचं भाषण छापतानाही मी हेच करतो.

त्याच्या उंच, महागड्या स्पीकरवर आत्या स्वच्छ बोलू लागली. लगेच घरी फोन लावून तिला ऐकवलं. तिकडून तिची मुलगी म्हणाली, "आई नाही म्हणून मान हलवतेय. पाटीवर लिहिलंय, बायका कुठायत?"

मूळ फाईल पुन्हा लावली. मागे नुसती घरघर होती.

नीरज म्हणाला, "जयनगरला वसंतमामांकडे जाऊ. जुन्या कॅसेट डेकवाले."

मामा सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. टेबलभर जुनी यंत्रं पाहून माझा पारा चढला.

"मामा, एवढे पैसे घालून लोक ही जुनी यंत्रं घेतात. हा भरल्या पोटाचा चोचला नाही का?"

"चोचलाच की. बायको रोज सांगते. स्वल्प थांब (जरा थांब)."

डेक उघडून त्यांनी बारीक स्क्रू फिरवला. "ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं, त्याचं टेपला टेकणारं हेड वाकडं होतं. आपलंही तेवढंच वाकडं करायचं. नव्या डब्यात हा स्क्रूच सापडत नाही."

"पण माझे स्पीकर यापेक्षा भारी आहेत, मामा," नीरज म्हणाला.

"आहेतच. त्यांना ऐकवायला काहीतरी दे."

घरघर हळूहळू फुटली. आतून बायका निघाल्या. एक खोकली, दोघी हसल्या. एकीने आत्याला मध्येच तोडलं: "ताई, थांबा की. लेकरू रडायलंय." आत्या थांबली. बराच वेळ फक्त लेकरू रडत होतं. माझ्या पत्रकात ही जागा कधीच नव्हती.

मामांच्या डेकवरून नवी फाईल उतरवून घेतली आणि परतीची गाडी धरली.

घरी आत्याने ती डोळे मिटून ऐकली. 'थांबा की' आलं तशी तिने पाटी ओढली. लिहिलं, नरसव्वा. मग खोकल्यापाशी, रेहाना. पाटी दोन्ही बाजूंनी भरली. पुसण्याआधी मी सगळं वहीत उतरवलं. नावंच नावं होती. तिच्या भाषणातली एकही ओळ नव्हती.