सुरुंगवाल्यांचा आकडा

देवयानीला लढायांचं वेड कधीच नव्हतं, पण पोट मात्र लढाईवर चालत होतं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, इतिहासात एम.ए. केलेली ही मुलगी २००१ साली नोएडातल्या एका नव्या कंपनीत लागली. कंपनी कॉम्प्युटरवरचा युद्धाचा खेळ बनवत होती. अठराव्या शतकातल्या फौजा, आणि बुद्धिबळासारखी पाळीपाळीनं चाल. प्रत्येक पक्षाला एक खास तुकडी दिलेली: मराठ्यांचे गारदी, अफगाणांच्या उंटांवरच्या लहान तोफा, इंग्रजांचे सुरुंग पेरणारे. या तुकड्या एकमेकींशी ताडून बघायच्या आणि जी फार वरचढ होईल तिला लगाम घालायचा, हे देवयानीचं काम. गारदी मारा जबर करतात पण हलायला सुस्त, उंट झपाट्यानं येतात पण तोफ डागली की पुढची पाळी गप्प, हे सांगताना ती रंगून जायची.

डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य सरहद्दीकडे निघालं. देवयानीचा नवरा श्रीरंग सैन्यात इंजिनियर कॅप्टन. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो राजस्थानात गेला, ती वडिलांकडे, भालचंद्ररावांकडे राहायला आली. त्याची तुकडी तिकडे भूसुरुंग पेरत होती. फोनवर तो हवापाण्याचंच बोलायचा. त्याच्या आवाजावरून काय ते ओळखायचा ती प्रयत्न करी.

जानेवारीत टीमचा प्रमुख अंशुमन तिच्या टेबलाशी आला. दिल्लीतच वाढल्यामुळे त्याची मराठी अर्धी हिंदीच होती.

"देवयानी, सुरुंगवाले बहुतच स्वस्त झालेत यार. सगळे तेच घेतील. पेरताना कधी कधी ते स्वतःच उडायला पाहिजेत. कितीदा, तो आकडा तू टाक."

तिनं एक आकडा टाकला, पुसला, आणि शून्य ठेवलं. तरी पडद्यावरचा तो चिमुकला माणूस वाकून जमीन उकरायला लागला की ती नजर दुसरीकडे वळवायची.

दोन दिवसांनी अंशुमन वैतागला. "अगं, हे तर कधी मरतच नाहीत!"

"माझा नवरा सध्या हेच करतोय," ती म्हणाली.

अंशुमनचा चेहरा पडला. "सॉरी, मला माहीतच नव्हतं," म्हणत त्यानं ते काम स्वतःकडे घेतलं. पण त्याचं टेबल पलीकडेच होतं. तिकडून स्फोटाचा आवाज आला की देवयानी दचकून उठायची.

मार्चमध्ये एका दुपारी भालचंद्ररावांचा ऑफिसात फोन आला. "घरी ये. येईस्तोवर काही विचारू नकोस."

बसमध्ये ती सीटचा दांडा घट्ट धरून बसली. यमुनेच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा, उतरून पळत सुटावं असं तिला वाटलं. घराचा जिना चढून ती वर आली. भालचंद्रराव दारातच उभे होते.

"जिवंत आहे," ते आधी म्हणाले. मग बाकीचं सांगितलं. पेरताना एक सुरुंग फुटला. श्रीरंगशेजारचा हवालदार हरिदास जागीच गेला. श्रीरंगचा डावा डोळा गेला.

त्याला दिल्लीतल्या सैनिकी रुग्णालयात आणलं. तो फारसा बोलत नसे. एकदा त्यानं आपणहून विचारलं, "तुमच्या त्या खेळात पेरलेले सुरुंग काढतं कोण?"

"कुणीच नाही. खेळ संपला की पडदा बंद."

"आमचे काढावे लागणार. वाळू सरकते गं, जिथे ठेवला तिथे राहत नाही. आणि माझीच माणसं जाणार ते काढायला."

देवयानीच्या मनात आलं, बरं झालं, आता याला कुणी पाठवणार नाही. आणि असं मनात आल्याचीच तिला भीती वाटली.

तिनं नोकरी सोडली. श्रीरंगला पुढे पुण्याकडे जवानांना शिकवायचं काम मिळालं. तिकडे जायच्या आधी काही आठवडे तो आर. के. पुरमला होता. संध्याकाळी दोघं फिरायला निघत. क्वार्टरांच्या मधोमध हिरवळ होती, पोरं क्रिकेट खेळत, बायका स्वेटर विणत बसलेल्या असत. श्रीरंग हिरवळीच्या कडेला येऊन थांबे. पाय उचले, पुन्हा डांबरावरच ठेवी.

पहिल्या दिवशी देवयानी त्याला म्हणणार होती, अरे, नुसतं गवत आहे. पण तिनंही खाली पाहिलं, आणि तिचाही पाय पुढे पडेना. तिनं त्याचा हात धरला. दोघं रस्त्यानं लांबचा वळसा घालून घरी आले.