मुंगीताईंची चूक

"मुंगी चावल्यासारखं वाटेल हं," असं रक्त काढणारे सगळेच म्हणतात आणि मग भाला खुपसावा तशी सुई खुपसतात. ताई म्हणायच्या तेव्हा मात्र खरोखर मुंगीच चावायची. म्हणून त्या मुंगीताई. एकतीस वर्षं हॉस्पिटलात काढली, तोवर खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी हसून "ओळखलं का?" विचारलं की या आपल्या बावळटासारख्या बघत राहायच्या. मग समोरच्याचं कोपर चाचपायच्या आणि एकदम चेहरा उजळायचा. "अगंबाई, तू होय! डाव्या हाताची शीर पळते ती!" लोकांना वाटायचं बाई चक्रम आहे. असेल. पण तान्ह्या पोराची शीर जिथे डॉक्टरांना सापडत नसे, तिथे हिलाच हाक जायची आणि एका टोचणीत काम फत्ते.

कामाला वाघीण. नव्या मुलींना एकच मंत्र घोकायला लावायच्या, आधी रक्त, मग लेबल. ट्यूब भरली की माणसाला त्याच्या तोंडाने नाव सांगायला लावायचं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत लेबल चिकटवायचं. रिकाम्या ट्यूबला आधीच लेबल लावून ठेवताना कुणी सापडली की तिची काही खैर नसायची. अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा उद्धार व्हायचा.

आणि हीच चूक त्यांच्या हातून झाली. माणूसच शेवटी.

त्याचं असं झालं. हॉस्पिटलात एका नव्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. शरीरात कुठे कॅन्सरची गाठ धरायला लागली की तिचे बारीक बारीक अंश रक्तात उतरतात म्हणे. ते रक्तातच हेरायचे, दुखणं-खुपणं सुरू व्हायच्या आत. अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर, त्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांनी ताईंना नीट समजावलं होतं. रिपोर्टात लिहून येणार ते एवढंच, इशारा आहे किंवा इशारा नाही. इशारा आला म्हणजे कॅन्सर झालाच असं नव्हे, पुढे स्कॅन करून शोधायचं. कधी कधी तो खोटाही निघतो. पन्नाशी ओलांडलेल्या लोकांचं रक्त हवं होतं, म्हणून ताई ट्रे घेऊन बसच्या डेपोत जाऊन बसल्या.

डेपोच्या कँटीनमध्ये चाळीस माणसं आणि दुपारच्या गाड्या सुटायला जेमतेम दीड तास. "ओ ताई, आटपा, माझी गाडी लागलीय!" चहूकडून हाच धोशा. ताईंनी घड्याळ बघितलं, यादी बघितली आणि मनाशी म्हणाल्या, आजच्या दिवस. यादीच्या क्रमाने सगळ्या ट्यूबना लेबलं लावून ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवली.

त्या गर्दीत दोघे सख्खे भाऊ होते. धाकटा ड्रायव्हर, पहाडासारखा गडी, आणि सुई बघून घाम फुटलेला. थोरला फिटर, किडकिडीत, अबोल. यादीत धाकट्याचं नाव आधी. पण तो खुर्चीजवळ येऊन मागे सरायचा. "दादा, तू हो पुढे!" "अरे, मोठा झालास की नुसताच लांब झालास?" थोरला म्हणाला आणि स्वतः खुर्चीत बसला. सगळे हसले. ताईही हसल्या, खूप हसल्या, आणि हात सवयीने ट्रेमधली पुढची ट्यूब उचलून मोकळा झाला.

तीन आठवड्यांनी धाकट्याच्या नावावर इशारा आला. आतड्याकडे बघा, असं रिपोर्ट म्हणत होता. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. स्कॅन झाले, दुर्बीण घालून आतडं तपासलं, पुन्हा स्कॅन झाले. काही म्हणजे काही सापडलं नाही. खोटा इशारा, असं ठरलं. या सगळ्यात दोन महिने गेले.

मग एक दिवस धाकटा हसत हसत ताईंना भेटायला आला. "सुटलो ताई! उगाच घाबरवलंत बघा. तसा मी पहिल्यापासून भित्राच. त्या दिवशीसुद्धा माझ्याऐवजी दादाच बसला होता ना आधी!"

ताईंच्या हातातला कापूस खाली पडला. धाकटा आणखी बरंच बोलत होता, त्यातलं अक्षर त्यांच्या कानात शिरलं नाही.

घरी नवरा घड्याळ उघडून बसला होता, घड्याळदुरुस्तीच त्याचा धंदा. त्याने सगळं ऐकून घेतलं. "तुला नक्की आठवतंय, ट्यूब बदलली म्हणून?"

"नाही ना! तेच तर. बदललीही असेल, नसेलही."

"मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस? रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत तुझे. कुणाला कळणार आहे?"

"कुणाला कळणार नाही, म्हणून तर जीव जाईल त्या थोरल्याचा," ताई म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

आता मला सांगा, अशी किती माणसं आपण पाहिलीत? मी तर चूक बोटाएवढी असली तरी शेजाऱ्याच्या अंगणात लोटणारी माणसंच जास्त पाहिली. ही बाई दुसऱ्या दिवशी मॅडमची खोली उघडायच्या आधी दाराशी जाऊन उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून मोकळी झाली. लेबलं आधी लावली, हे मी केलं, घाईचं कारण देत नाही.

मॅडमनी दोघा भावांचे रिपोर्ट काढून समोर ठेवले. मग म्हणाल्या, "चौकशी होईल. तोवर तुम्हाला सुईला हात लावता येणार नाही."

"लावत नाही. पण थोरल्या भावाचं रक्त आजच घ्या."

थोरल्याला सांगायला त्या स्वतः गेल्या. तो बसखाली, खड्ड्यात उतरून काम करत होता. ताई काठावर उकिडव्या बसल्या आणि खाली वाकून त्याला सगळं सांगितलं. पान्हा फिरवायचा थांबला.

"म्हणजे त्याच्या नावावर आलं ते माझं?"

"असेल. नसेलही. चूक माझी, एवढं मात्र खरं."

तो वर आला. चिंधीने दंडावरचं ग्रीस पुसत म्हणाला, "चला." रस्ताभर दुसरा शब्द नाही. ताईंना वाटत होतं, याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या मुलीने त्याचं रक्त काढलं. इशारा आला. दुर्बीण घातली, आणि मोठ्या आतड्यात गाठ सापडली, लहानशी. त्याला एका दिवसाचाही त्रास नव्हता, दोन वेळचं जेवण व्यवस्थित जात होतं. कुणी सांगितलं नसतं तर त्याने वर्षभर डॉक्टरचं तोंड बघितलं नसतं.

शिव्या थोरल्याच्या बायकोने घातल्या, रक्त घेण्याच्या खोलीबाहेर, भरल्या रांगेसमोर. "दोन महिने! दोन महिने माझा माणूस पोटात गाठ घेऊन गाड्यांखाली झोपत होता, आणि तुम्हाला आता आठवलं? पसरली असती म्हणजे?" नव्या मुली तिला आवरायला धावल्या. ताईंनी त्यांना हातानेच अडवलं. "बोलू दे तिला. खरं बोलतेय ती." आणि मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

ऑपरेशनच्या दिवशी ताई सकाळपासून जिन्यापाशी, लांबच्या बाकावर बसून होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पुढच्या बाकावर धाकटा आणि थोरल्याची बायको. पाच तास. ना कुणी ताईंकडे बघितलं, ना ताईंनी डबा उघडला. गाठ पसरली असेल तर ते दोन महिने आपण खाल्ले, हे एकच डोक्यात घुमत होतं.

सर्जन बाहेर आले, बायकोशी बोलले. ताईंना ऐकू येईना. तेवढ्यात धाकटा मटकन खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला. ताईंना वाटलं, झालं, पसरली होती.

बायको उठून सरळ त्यांच्यापर्यंत चालत आली. समोर उभी राहिली. "निघाली सगळी. पसरली नव्हती," ती म्हणाली. ताईंनी पदर तोंडात कोंबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या हमसून हमसून रडल्या.

बायको शेजारी टेकली. मग तिने बाही वर केली.

"माझंही बघा ना. डेपोत घरच्यांनाही विचारलं होतं, तेव्हा मी नाही म्हटलं. पण मला तुमच्याच हातून हवंय."

"मला परवानगी नाहीये गं. चौकशीला अजून दोन महिने लागतील."

"मग दोन महिने थांबते मी."

"खबरदार!" ताई एवढ्या जोरात ओरडल्या की नर्स धावत बाहेर आली. "दोन महिने म्हणे! एक दिवस थांबायचं नाही! ऊठ आधी, ऊठ म्हणते ना!" नाक पुसत पुसत त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला तशीच ओढत खालच्या मजल्यावर रक्त द्यायला घेऊन गेल्या.