बहात्तर दात्यांची चक्री

हसणार नसाल तर सांगतो. हसाल तुम्ही, मला ठाऊक आहे, पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका.

आधी कबुली देतो, मी भित्रा माणूस आहे. मोताळ्यात तीस वर्षं शिलाई मशीन चालवतोय, त्याहून वेगवान काही चालवायची वेळच आली नाही. पण गुडघे गेले, म्हणून जावयानं सायकलला बसवायचं छोटं पेट्रोलचं इंजिन आणून दिलं. इंजिनाची चेन मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रीला फिरवते. ही चक्री किती दात्यांची लावायची? इथंच घोडं पेंड खाऊ लागलं!

आमचा सायकलवाला सलीमभाई समजावून थकला.

"टेलरभाऊ, चक्री लहान तं गाडी पळते, मोठी तं चढाले जोर भेटते. चव्वेचाळीस दाते लावा, दोन्ही कामं होतात."

"अन् घाटात इंजन दमलं तं? मी मांगं घसरत येऊ काय?"

"नाही घसरत बाप्पा!"

"पण समज, घसरलो?"

कारण मला राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचं होतं. संध्याकाळी भाचीची हळद, आणि तिचा पिवळा ब्लाउज माझ्याकडे. मामानं स्वतः शिवलेला! बायको सकाळीच एसटीनं पुढे गेली. ब्लाउजला हुक लावायचे राहिले, म्हणून मी मागं थांबलो.

"छप्पन लावू काय मंग?" सलीमभाई म्हणाला.

"त्याहून मोठी नाही?"

शेवटी बिचाऱ्यानं लेथवाल्याकडून बहात्तर दात्यांची कापून आणली. ताटाएवढी! म्हणाला, "घ्या. हिच्यावर तुम्ही भिंत बी चढसान. पन पळनार नाही हां."

"पळायचं कोणाले हाय?" मी म्हणालो.

दुपारी निघालो. सपाटीवर शाळेच्या दोन मुली साध्या सायकलवरून मला मागं टाकून गेल्या. मी खूश! सावकाश जाणारा माणूस पडत नाही. घाट लागेपर्यंत मात्र उन्हं कलली.

आता घाटात दोन्ही बाजूंना जंगल, आणि आमच्याकडच्या अस्वलांचं काय सांगावं! दिवस कलल्यावर तिथं एकटं कोणी रेंगाळत नाही. इंजिन बोंबलत होतं, गाडी चढत होती, मी देवाचं नाव घेत होतो. एका वळणावर सहज मागं पाहिलं.

काळं. केसाळ. डुलत डुलत रस्त्यानं येतंय!

हँडलवरची वेगाची मूठ कचकन पिळली. आवाज दुप्पट झाला, गाडी होती तशीच! शेजारचा मैलाचा दगड काही मागं पडेना. उतरून पळावं? गुडघे!

अस्वलापुढं कपडा टाकला की ते हुंगत बसतं, असं आमच्याकडे सगळे सांगतात. कोणी करून पाहिलंय की नाही, देव जाणे. गळ्यातला गमछा मागं भिरकावला. ते थांबलं, वाकलं… आणि पुन्हा यायला लागलं! टोपी फेकली. पुन्हा वाकलं, पुन्हा निघालं. उलट आता जवळ आलं होतं.

उरली फक्त हँडलची पिशवी. भाचीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आठ दिवस रोज फोन करत होती, "मामा, झाला काय?" सांगायला लाज वाटते, पण जीव प्यारा. फेकली पिशवी!

आणि दोन मिनिटांत खांद्यावर हात पडला.

मी जो ओरडलो, इंजिन त्यापुढं काहीच नाही! डोळे मिटून, हँडल सोडून, गाडीसकट रस्त्याकडेच्या गवतात आडवा. इंजिन बंद पडलं, आणि शांततेत माणसाचा आवाज आला.

"भाऊ, लागलं तं नाही न?"

डोळे उघडले. सत्तरीचा मेंढपाळ म्हातारा, अंगावर काळं घोंगडं. खांद्यावर माझा गमछा, डोक्यावर माझी टोपी, हातात माझी पिशवी.

"केवढ्या हाका मारल्या तुम्हाले! सामान पडून राह्यलं, अन् तुम्ही मांगं पाह्यता, पन थांबत नाही!"

"बाबा," मी कसाबसा म्हणालो, "या वयात पळत आले तुम्ही?"

"पळत? मी तं चालून राह्यलो होतो. वाकून वाकून सामान बी उचललं." त्यानं माझ्या गाडीकडं, मग वरच्या चढाकडं पाहिलं. "कुठं जाता?"

"बुलढाण्याले. भाचीची हळद हाय. तिचा ब्लाउज हाय त्या पिशवीत."

"हळद कधी?"

"आज. दिवेलागणीले."

म्हाताऱ्यानं पुन्हा चक्रीकडं पाहिलं, थोडा विचार केला, आणि पिशवी काखेत मारली.

"पत्ता सांगा भाऊ. मी पायी जाऊन देतो, पोरीले उशीर नको. तुम्ही या गाडीवर, आरामात."

खरं सांगू? मी पत्ता दिला. आणि ब्लाउज वेळेवर पोहोचला.