झोक्याला घाबरणारा कॅमेरा

कौतिकआबांनी उभं आयुष्य एसटी चालवली. त्यामुळे कुठलीही वस्तू घरात येण्याआधी तिला एका प्रश्नाला तोंड द्यावं लागतं: खड्ड्यात काय होईल? कुकर घेताना त्यांनी हा प्रश्न विचारला, चष्मा घेताना विचारला, आणि लेकीला, पुनमला, बघायला आलेल्या भूपेंद्रलाही विचारला. भूपेंद्र सुरतच्या कापडबाजारात नोकरीला. आपल्याला नोकरीबद्दल विचारतायत की रस्त्याबद्दल, हे त्या बिचाऱ्याला कळेना. थोडा विचार करून तो म्हणाला, "गाडी हळू करतो." आबांनी तिथेच लग्न पक्कं केलं.

आबा माझे सख्खे काका, पण दोंडाईचाजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना आबाच म्हणतात, म्हणून मीही. मोबाइलवर व्हिडिओ निघायचा तो टपालाच्या तिकिटाएवढा, तेव्हाची ही गोष्ट. मी धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होतो आणि घरातली प्रत्येक बिघडलेली वस्तू माझ्यासमोर आणून ठेवली जायची.

त्या वर्षी पुनम आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येणार नव्हती. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येते म्हणजे येतेच. निंबाला झोका बांधतात, पोरी गाणी म्हणत आभाळाला पाय लावायला बघतात, घरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. लग्नानंतरही पुनमची एक आखाजी चुकली नव्हती. पण आता तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायलाही मनाई केली होती. फोनवर ती रडली नाही. तिने आबांकडे एकच मागणं केलं, झोका बांधा आणि माझ्या जागी मायला बसवा.

हे मागणं फार अवघड होतं, कारण तिच्या मायने, मंजुळाकाकूंनी, आधीच जाहीर करून टाकलं होतं, "पोर ई नही राहिनी, मंग झोका कोनासाठे?" दोर पत्र्याच्या खोलीत, फळी माळ्यावर. विषय संपला.

आबांना सरळ रस्ता बंद दिसला की ते वळण शोधतात. त्यांनी ठरवलं की घरी कॅमेरा आणायचा आणि सगळी आखाजीच सुरतला पाठवायची. झोक्यावरून गाव कसं दिसतं तेही पुनमला दिसलं पाहिजे, नुसता बाहेरून काढलेला फोटो नको. आणि कॅमेऱ्यासाठी झोका बांधावाच लागणार, हे तर कोणीही समजून घेईल.

धुळ्यात आग्रा रोडला बन्सीलालशेठच्या दुकानात मी त्यांना घेऊन गेलो. काउंटरवर चार कॅमेरे मांडले गेले. दिसायला चौघे भाऊभाऊच. फरक होता तो पोटात, म्हणजे काढलेलं चित्र कशावर साठतं यात. पहिला कॅसेटवाला. धक्क्याला दणकट, पण कॅसेट छोटी, ती चालवायला कॅमेराच सोबत सुरतला पाठवावा लागला असता. दुसऱ्यात छोटी डीव्हीडी बसायची. पुनमकडे डीव्हीडी प्लेयर होता, म्हणून आबा त्याच्याकडे लगेच झुकले. मग त्यांनी विचारलं, "हाई खड्डामा काय करी?" बन्सीलालशेठ प्रामाणिक माणूस. म्हणाले, जोरात हलला तर चित्र तुटेल, आणि एक डिस्क अर्ध्या तासात भरेल. आबांनी तो बाजूला सरकवला.

मी तिसऱ्या, मेमरी कार्डवाल्याच्या बाजूने होतो. आत फिरणारं काहीच नाही, तुटायला काही नाही, पडला तरी चित्राला धोका नाही. मी हे बरंच मन लावून समजावलं. आबांनी ते कार्ड तळहातावर घेतलं, नखाएवढं, आणि माझ्याकडे दयेने बघितलं. एवढीशी वस्तू आपल्या घरात सरकीच्या ढिगात पडली तर पुनमची आखाजी बैलाच्या पोटात जाईल, असं त्यांचं म्हणणं.

राहिला चौथा, हार्डडिस्कवाला. आत कॉम्प्युटरसारखी फिरणारी तबकडी, तासन् तास साठवणारी. बदलायला काही नाही, हरवायला काही नाही. प्रश्न अर्थातच आला. बन्सीलालशेठ याच प्रश्नाची वाट बघत असावेत. त्यांनी कॅमेरा चालू केला, उंच धरला आणि एकदम खाली आणला. पडद्यावर खूण चमकली आणि चित्रण थांबलं. आपण पडतोय असं याला वाटलं, की हा तबकडीवरची सुई आपली आपण उचलून बाजूला घेतो, शेठ म्हणाले. म्हणजे मार बसला तरी आतलं शाबूत.

आबांनी त्यांना ते पुन्हा करून दाखवायला लावलं. मग आणखी एकदा. स्वतःहून ब्रेक मारणारी गाडी त्यांनी सगळ्या नोकरीत बघितली नव्हती. कॅमेरा पक्का झाला. परतीच्या बसमध्ये तो त्यांच्या मांडीवर होता आणि ड्रायव्हरला ते अधूनमधून खड्डे दाखवत होते.

आखाजीच्या दिवशी सकाळीच निंबाला झोका बांधला गेला. काकूंनी विचारलं तेव्हा आबा म्हणाले की हा पोरीचा झोका नाही, कॅमेऱ्याचा आहे. काकू चुलीकडे वळल्या, पण त्यांनी पाट असा ठेवला, की तिथून निंब दिसावा.

शेजारची हेमांगी झोक्याला पटाईत. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकवून तिने फळीवर उभी राहून असा झोका घेतला, की निंबाचा पाला खाली आला. बायकांनी गाणं उचललं. आबा खालून हात वर करून तिला गावाची दिशा दाखवत होते: इकडे देऊळ, तिकडे आपलं शेत.

मग आम्ही पडद्यावर बघितलं. पाला, आभाळ, आणि बंद. परत चालू केलं तर परत पाला, आभाळ, बंद. झोका वर गेला की कॅमेरा सोबत जायचा आणि खाली यायला लागला की आपण पडलो समजून सुई उचलून बसायचा. देऊळ नाही, शेत नाही, गाण्याची एक ओळही पुरी नाही. आबांनी हौसेने घेतलेला ब्रेक दर झोक्याला लागत होता. ते फळीवर टेकले आणि कॅमेरा उलटा करून बघत राहिले. बिघडलेल्या बसखाली शिरण्याआधी ड्रायव्हर बघतो तसे.

"हळू घे ना गं," ते हेमांगीला म्हणाले. तिने प्रयत्न केला, पण त्या पोरीचे पाय ऐकेनात. दुसरी बसली, तिचंही तेच. आखाजीच्या झोक्यावर हळू कसं बसायचं हे कोणत्याच पोरीला माहीत नव्हतं.

मी कॅमेरा घेतला आणि त्याचा मेनू उघडून बघायला लागलो. बऱ्याच आत गेल्यावर सापडलं. पडण्याची ती जाणीव बंद करायची सोय होती, एका बटणाचं काम. मी सांगायला वळलो, तेवढ्यात काकू पुरणाचे हात धुऊन, पदराला पुसत निंबाखाली आल्या होत्या. त्यांनी पोरींना हातानेच बाजूला केलं, फळीवर बसल्या आणि कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. इतकं घाबरट यंत्र पोरींच्या हाती देतात का, एवढंच म्हणाल्या.

मी आबांच्या कानाशी लागून सांगितलं की दुरुस्ती सापडलीय, आत्ता करून देतो.

आबा काकूंकडेच बघत होते. "ऱ्हाऊ दे," ते हळूच म्हणाले. "तुनी काकू बसेल शे."

काकूंनी कॅमेरा मांडीवर बाळासारखा धरला आणि जमिनीला पायाच्या अंगठ्याने ढकलत झोका घेतला. इतका संथ, की कॅमेऱ्याला पडल्याचा भासही झाला नाही. देऊळ आलं, गेलं. शेत आलं, गेलं. मग त्यांनी गाणं सुरू केलं, लेकीला माहेरी बोलावण्याचं, आणि ते शेवटपर्यंत म्हटलं. बाकीच्या बायका मागे म्हणत होत्या. आबा झोका द्यायला मागे उभे राहिले, पण द्यायची गरज पडली नाही.

धुळ्याला जाऊन मी त्याची डीव्हीडी केली आणि आबांनी ती सुरतच्या गाडीवरच्या आपल्या जुन्या दोस्ताकडे, भटूकडे दिली. बॅगेत नाही, खिशात ठेव, असं बजावून. पुनमचा फोन आला तेव्हा सगळे ओट्यावर बसलो होतो. सासूबाईंना शेजारी बसवून तिने दोनदा बघितलं होतं. पलंगावर पडल्या पडल्या आपल्यालाच झोका लागतोय असं वाटलं म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"माय," ती म्हणाली, "इतला हळू झोका? तू काय बैलगाडीमा बसेल होती का?"

"तो कॅमेरा घाबरस, मी नही," काकू म्हणाल्या. "पोराले घिसन ये, मंग दखाडसू तुले."

फोन ठेवल्यावर काकूंनी मला विचारलं, डिप्लोमा शिकतोस, तर याची भीती काढायचं काही औषध तुझ्याकडे नाही का. मी आबांकडे बघितलं. ते एकदम चष्मा पुसायला लागले. मी म्हणालो, नाही काकू, ही कंपनीतूनच येते.