आप्पाजीची छत्री

खंडोजीमामा कशाला भीत नाही, हे शोधायला अख्खं बेंगळूर पालथं घालावं लागलं असतं. लिफ्टला भ्यायचा, जत्रेतल्या पाळण्याला भ्यायचा, सरकारी शिक्क्याच्या पाकिटाला तर इतका, की ते माझी आई फोडायची. आणि असा हा माणूस पोटासाठी काय करायचा? शहर दाखवणाऱ्या बसमध्ये उभा राहून लोकांना शूरवीरांच्या गोष्टी सांगायचा! घरात सगळेच त्याची टर उडवायचे. मी भाची, म्हणून जरा जास्तच.

लष्करातून तो पंचाहत्तर साली परत आला. बंदूक त्याने फारशी हाताळलीच नव्हती. त्याचं काम पॅराशूटं बांधायचं. त्यांच्यात नुसतं 'छत्री' म्हणत. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, घडीवर घडी घालायची, दोऱ्या न गुंतवता पिशवीत बसवायच्या आणि शेवटी एका कार्डावर सही करायची, की ही मी बांधली. ती सवय घरीही सुटली नाही. आईच्या साड्या तो अशा घड्या घालून ठेवायचा की एक ओढली तर सरसर सगळी उलगडायची, आणि आई करवादायची.

विमान डोक्यावरून गेलं की मात्र मामाचं बोलणं बंद पडायचं. विधानसौधासमोर ऐन भाषणात तो मान खाली घालायचा आणि आवाज विरेपर्यंत बुटांकडे बघत राहायचा. प्रवाशांना वाटायचं, गाइडला इमारतीबद्दल फार आदर आहे.

शहाण्णव सालच्या डिसेंबरातला तो रविवार. मी कॉलेजात होते आणि दर रविवारी मामाबरोबर बसवर जायचे, पाणी द्यायला आणि टाळकी मोजायला. बस सुटण्याआधी तो यादी वाचायचा. प्रत्येकाचं नाव आणि गाव खड्या आवाजात, वर त्या गावाबद्दल एखादा गोड शब्द. त्या दिवशी पाच नावं झाली आणि सहाव्याला तो थांबला. मी डोकावून पाहिलं. 'यल्लव्वा आप्पाजी देसूरकर, बेळगाव.'

"नीला," तो कुजबुजला, "माझा घसा बसला. आज तू बोल. आणि माझं नाव घेऊ नकोस."

घसा एका मिनिटापूर्वी ठणठणीत होता. मी माइक घेतला. मामा ड्रायव्हर शेषगिरीच्या मागे, प्रवाशांकडे पाठ करून बसला.

यल्लव्वा तिसऱ्या रांगेत होती. पन्नाशीच्या आतली, गडद इरकल नेसलेली, कपाळ मोकळं. शेजारी तिचा मुलगा रोशन, व्हाइटफील्डच्या एका कारखान्यात नुकताच लागलेला, आईला शहर दाखवायला निघालेला. बाई मोठी हौशी. टिपूच्या महालातले लाकडी खांब तिने हात लावून पाहिले, बसवनगुडीच्या नंदीला तीन प्रदक्षिणा घातल्या. मामा कुठेच उतरला नाही. लालबागेत सगळे खडकावर चढायला गेले तेव्हा मी परत बसमध्ये आले. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. डिसेंबरात! आता मलाही भीती वाटायला लागली.

"मामा, कोण आहे ती बाई? काय केलंस तू?"

"स्वल्प हळू बोल गं," तो म्हणाला. आणि मग खाली बघत, तुटक तुटक सांगत गेला.

एकाहत्तरची लढाई. विमानं तयार होती आणि मामा जवानांना छत्र्या वाटत होता. रांगेत जो येईल त्याला ओळीतली पुढची छत्री, हा नियम. कुणी निवडायची नाही, कुणी बदलायची नाही. आप्पाजी देसूरकर पुढे आला. मामाच्या कन्नडमिश्रित मराठीला न हसणारा तेवढा एकच तिथे होता. तो म्हणाला, खंडोजी, तू बांधलेली दे, मग मी निर्धास्त उडी मारीन. मामाने आपल्या सहीची छत्री मागून ओढून काढली आणि त्याला दिली. आप्पाजीच्या वाट्याची जी होती, ती गेली त्याच्या मागे उभ्या असलेल्याला.

"आणि आप्पाजी परत आला नाही," मामा म्हणाला. "गेलेल्यांच्या यादीत नाव आलं. कसा गेला ते नाही आलं. कार्डावर माझी सही होती, नीला."

"मग विचारायचंस ना कुणाला!"

"विचारलं आणि म्हणाले असते, उघडली नव्हती, तर?"

पंचवीस वर्षं! मला त्याची दया यायला हवी होती, पण खरं सांगते, संताप आला. एवढा मोठा बाप्या, एका प्रश्नाला घाबरून जन्मभर खाली मान घालून हिंडला. मी तरातरा उतरले. यल्लव्वा खडकाच्या पायथ्याशी बसून शेंगा खात होती.

"अक्का, तुमच्या यजमानांच्या बरोबरचे एक जण बसमध्ये आहेत," मी म्हटलं. "खंडोजी त्यांचं नाव."

ती शेंगा तशाच टाकून उठली. बसमध्ये चढताना तिची चप्पल सुटली, तीही तिने तशीच सोडली. मामा उभा राहिला. दोन्ही हातांनी त्याने सीटचा दांडा धरला होता.

"तुमीच काय वो ते बेंगळूरचे खंडोजी?"

मामाने मान हलवली. मग मीच म्हटलं, "त्यांना विचारायचंय, त्या दिवशी छत्री उघडली होती का?"

"उघडली की!" यल्लव्वा म्हणाली. "दवाखान्यातनं पत्र लिवून घेतलेलं ह्यांनी. पाठ हाय मला. खंडोजीची छत्री फुलागत उघडली, असं लिवलंय बगा. गोळी नंतर लागली, खाली उतरून लढताना. चार दिवसांनी गेले."

मी हसले. मोठ्यांदा हसले. वाटलं, झालं, सुटला बिचारा. मी त्याच्या पाठीवर थापसुद्धा मारली.

यल्लव्वा पदराने डोळे पुसत पुढे बोलत होती. "माज्या वाट्याची छत्री खंडोजीनं मागच्याला दिली, असंबी लिवलंय. तो इमानातबी ह्यांच्या मागंच हुता. त्याची उघडलीच न्हाई. ह्यांच्या अंगावरनं दगडागत खाली गेला. तुमी बदलून दिलासा म्हणून हे उतरले, रोशन पोटात हाय एवढं त्यांना कळलं. ते चार दिवस तुमचे वो, अण्णा."

आणि ती त्याच्या पायाशी वाकली.

मामा असा मागे सरकला की त्याचं डोकं खिडकीवर आपटलं. हे मी केलं होतं. बाहेरून लोक परतू लागले, शेषगिरीने हॉर्न वाजवला. मी मामाची बाही घट्ट धरली. "सरी, ठीक आहे, झालं मामा, बस झालं. चल, खाली बस," मी म्हणाले. तो बसला असता तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं. ती बाई आशीर्वाद देऊन गेली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. तो बसेल याची मला खात्रीच होती. मामाला मी ओळखत होते.

त्याने माझा हात बाहीवरून काढला. इतका घाबरलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"त्या मागच्याचं," तो यल्लव्वाला म्हणाला, "नाव लिहिलंय का पत्रात?"

"लिवलंय की. त्रिविक्रम. शिमोग्याकडचा."

"घरी कोण होतं त्याच्या?"

"आई हाय म्हणून लिवलंय."

मामाने यादीचा कागद उलटा केला आणि खिशातलं पेन काढलं. हात इतका कापत होता की ते नाव मलाच लिहावं लागलं.