आप्पांची युद्धनौका आणि माझा नारळ

पलूस तालुक्यात समुद्र नाही. हे मी निषेध म्हणून सांगत नाही (मी बहुतेक गोष्टी निषेध म्हणूनच सांगते). ही साधी वस्तुस्थिती आहे. तरीही आमच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं एक युद्धनौका बांधली जात होती. बांधणारे तिघे माजी सैनिक. त्यातल्या दोघांनी समुद्र पाहिला होता तो फक्त रेल्वेच्या खिडकीतून!

हे दोघे म्हणजे आमचे आप्पा, तोफखान्यातले निवृत्त सुभेदार, आणि शेजारचे बापूकाका, पायदळातले हवालदार. तिसरे नेव्हीकाका. ते खरोखरचे नौदलातले, आणि मूळ गाव आटपाडी! टँकरमागं घागर घेऊन पळणारा माणूस थेट समुद्रावर नोकरीला गेला. "पयल्या दिवशी एवढं पाणी बगून मला एकच वाटलं," ते सांगायचे, "ह्येला रात्री कुलूप कोण लावतंय?"

नौका होती माझ्या मामांची. मामा म्हणजे आत्याचे यजमान. ते आणि नेव्हीकाका एकाच जहाजावर होते. मामा गेले, आत्या आमच्याकडं राहायला आली, आणि आप्पांनी एक दिवस ताटावर बसल्या बसल्या हुकूम सोडला, "दाजींचं जहाज बांधायचं."

"जेवून बांधा," आई म्हणाली.

तिला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. मग घरातल्या वस्तू भरती व्हायला लागल्या. जुन्या सागवानी दाराच्या पट्ट्या काढून जहाजाचं अंग झालं. संपलेल्या रिफिलींच्या तोफा झाल्या. चहाची गाळणी रडार म्हणून गेली ती परत आलीच नाही. नांगराच्या साखळीसाठी माझं लहानपणीचं पैंजण गेलं (मला न विचारता! याची नोंद व्हावी). आणि चिकटवलेल्या पट्ट्या वाळेपर्यंत धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे लागायचे, ते सगळे. आमची धुणी दोन वर्षं वाऱ्यावर होती.

"ह्यांनी खरं युद्ध केलं तवा मला एवढा तरास न्हवता," आई म्हणायची.

पण जहाज झालं मात्र देखणं. राखाडी रंग, लांबी माझ्या दोन हातांएवढी, कठड्याच्या तारासुद्धा सरळ रेषेत. सांगलीत माजी सैनिकांचा मेळावा होता, तिथं ते मांडायचं ठरलं. टेंपो सांगितला. निघायच्या दिवशी सकाळी नेव्हीकाका म्हणाले, "आमच्यात जहाज पाण्यात सोडायच्या टायमाला नाकावर नारळ फोडत्यात. आन् त्यो बाईमाणसानं फोडायचा. तसा रिवाजच हाय."

"मग अक्का फोडंल," आप्पा म्हणाले. अक्का म्हणजे आत्या.

इथं मी कथेत शिरते, आणि कथा बिघडते.

मी सांगलीत एका संघटनेचं काम करते. त्या वर्षी आमची मोहीम होती ती विधवांना शुभकार्यात मागं उभं करण्याविरुद्ध. पत्रक मीच लिहिलं होतं. लिहिताना डोळ्यांसमोर दुसरं कुणी नव्हतं, आत्याच होती. मामा गेल्यापासून बारसं असो, डोहाळजेवण असो, ही दाराआड. मी हाताला धरून ओढायला गेले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं. मला हितनं बी दिसतंय." त्या वाक्यानं माझं डोकं फिरायचं. आज ती पुढं येणार म्हणजे येणारच! आणि कोण आडवा येतो ते मी बघणार होते.

आडवे येतील ते बापूकाका, याची मला खात्री होती. मांजर आडवं गेलं तरी परत घरी येऊन पाणी पिणारा माणूस! त्यांच्यासाठी मी उत्तरं पाठ करून ठेवली होती.

"काका, आत्या नारळ फोडणार आहे," मी ठणकावलं.

"फोडू दे की."

"ती विधवा आहे."

"म्हाईत हाय की. मयताला मी हुतो."

"म्हणजे तुमचा विरोध नाही?"

"न्हाई."

"थोडासुद्धा?"

"आगं पोरी, टेंपोवाला थांबलाय!"

झालं! गावात अख्खा एक विरोधक, आणि तोही फितूर! पण पत्रक छापून झालं होतं. छापलेलं पत्रक न वाचता परत नेणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

अंगणात टेबलावर जहाज मांडलं. शेजारी आईचा दगडी पाटा. योजना अगदी साधी होती: आत्यानं नारळ जहाजाच्या नाकाला नुसता टेकवायचा आणि फोडायचा पाट्यावर. नेव्हीकाकांनी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. आत्या दारातच होती, पदर घट्ट धरून. पुढं यावं की नको, असा तिचा चेहरा. सन्मानानं तिच्या हाती द्यायचा म्हणून नारळ मी घेतला.

"आधी दोन शब्द बोलते."

"दोनच बोल," आप्पा म्हणाले.

आईनं खुर्ची ओढून घेतली. (तिला माझ्या दोन शब्दांचा अनुभव आहे.)

मी बोलले. चालीरीतींवर बोलले, गावाच्या गप्प बसण्यावर बोलले. टेंपोवाल्यानं गाडी बंद केली. बापूकाका भिंतीला टेकले. मला वाटलं, सभा भारावली! अशा वेळी शेवट घोषणेनंच करायचा असतो. आणि घोषणेचं आमचं शिक्षण पक्कं आहे: पहिल्या अर्ध्याला मूठ वर, दुसऱ्या अर्ध्याला मूठ खाली, पूर्ण ताकदीनं. त्या मुठीत नारळ असला तर काय करायचं, हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

"मागं उभं राहणं..." मूठ वर.

"बंद करा!" मूठ खाली.

कडाड्!

मामांच्या जहाजाचं नाक पाट्यावर पडलं होतं आणि पैंजणाची साखळी टेबलावरून लोंबत होती.

"नाक ग्येलं," नेव्हीकाकांनी अहवाल दिला.

आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याविरुद्ध माझ्याकडं पत्रक आहे. ते नुसते खाली वाकले आणि तुकडे वेचायला लागले.

तेवढ्यात बापूकाका म्हणाले, "म्हनूनच जुनी मानसं म्हनायची, बायकांनी नारळ फोडू ने!"

मिळाला! विरोध मिळाला! आणि पाठ केलेल्या उत्तरांतलं एकही मला आठवेना. मी नारळ धरून तशीच उभी.

"का वं, बापूराव?" दारातून आवाज आला. "तिनं नारळ फोडलाय कुठं? साबूत हाय की!"

खरंच, नारळाला तडासुद्धा गेला नव्हता. आत्या उंबरा ओलांडून तरातरा आली. (इतकी वर्षं मी ओढत होते तेव्हा नाही, आता!) माझ्या हातातून नारळ हिसकावला, जहाजाच्या उरल्यासुरल्या नाकाला टेकवला आणि पाट्यावर एकच घाव घातला. दोन सरळ भकलं! पाणी उडालं ते बापूकाकांच्या चष्म्यावर.

"निघा आता," ती म्हणाली. जहाजाला म्हणाली की मामांना, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मग माझ्याकडं वळली, "आन् तू गं? सरक जरा मागं. मला दिसंना झालंय."

आप्पांनी नाक गोंदानं चिकटवलं. धरून ठेवायला दोन चिमटे हवे होते. आईनं दोरीवरचे शेवटचे दोन काढून दिले. "घ्या, आता लुगडी दातात धरून वाळवते." आणि चिमट्यांसकट जहाज सांगलीला निघालं. टेंपोत पुढं ड्रायव्हरशेजारी आत्या बसली. मी मागं, खोबरं धरून.

मेळाव्यात एक मोठे साहेब एकेक टेबल बघत आले. आमच्या जहाजापाशी थांबले. तारा पाहिल्या, तोफा पाहिल्या, आत्याला नमस्कार केला. मग चिमटे पाहिले.

"सूबेदार साब, ये डैमेज कैसे हुआ?"

आप्पा सावधान झाले. तोंडावरची माशी हलली नाही.

"अपने ही तोपखाने का गोला लगा, साब."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. लढाईत असं होतं, हे त्यांना ठाऊक असावं. "और तोप? वो कहाँ है?"

आप्पांनी न वळता अंगठा मागं केला.

मी मेळाव्यात वाटायला आणलेली पत्रकं पाठीमागं लपवली, आणि दोन पावलं सरकून सभागृहाच्या दाराआड उभी राहिले. तिथनंही सगळं दिसतं.