एर्सिलियाबाईंच्या मळ्यातलं थडगं

आमच्या तार्क्विनिया गावात एर्सिलियाबाई चिडल्या की चर्चची घंटाही दबकून वाजायची. तळघरातले वाइनचे बुधले चोरतो म्हणून त्यांनी सख्ख्या भावाला, ओरेस्तेला, घर बंद केलं होतं.

जमिनीत वीज सोडून प्राचीन थडगी शोधणारे साहेब त्यांच्या द्राक्षमळ्यात सळया ठोकू लागले, तेव्हा त्या कडाडल्या, "मेल्यांनो, एक वेल मोडली तर तुम्हालाच पुरीन!"

"खाली काही नाही हो!" नवरा सेत्तीमियो घाईघाईने म्हणाला.

पण यंत्राचा काटा हलला. साहेबांनी भोक पाडून दिवा आणि आरसा बसवलेली लांब नळी आत सोडली. बाईंनी तिला डोळा लावला. थडग्याच्या भिंतीला बाहेरून पोखरलेलं भगदाड होतं; आत त्यांचेच बुधले होते आणि त्यांनीच विणलेली सेत्तीमियोची टोपी.

"खणा!" बाई गरजल्या. "वेली गेल्या उडत!" मग नवऱ्याकडे वळल्या, "आणि तू रे, आधी ओरेस्तेला जेवायला बोलाव, मग उतर ह्याच्यात!"